अण्णांची वही आणि टीव्हीवरची मैफल

देगलूरहून निघालेली बस संगारेड्डी, पटानचेरू, मियापूर करीत हैदराबादेत शिरते, तेव्हा कुकटपल्ली आधी येते आणि खरं हैदराबाद नंतर. चारमिनार, सालारजंग, कोठी हे सगळं अजून लांब असतं. आपण उतरतो ते मेट्रोच्या उंच खांबांखाली, कपड्यांच्या दुकानांच्या आणि कोचिंग क्लासच्या पाट्यांच्या गर्दीत. पाट्या तेलुगूत, रिक्षावाल्याची हिंदी दखनी आणि पाठीवर बॅगा अडकवून धावणारी पोरं कॉम्प्युटरच्या भाषेत बोलणारी. अशा या कुकटपल्लीत गेली काही वर्षं माझं माहेर आहे.

माहेर असं गाव बदलून दुसरीकडं जाऊ शकतं, हे मला आई गेल्यावर कळलं. २०१८ च्या दिवाळीनंतर आई गेली. देगलूरच्या घरात अण्णा एकटे राहिले. धाकटा भाऊ हैदराबादला नोकरीला. तो म्हणाला, ‘अण्णांना इथं एकटं ठेवायचं नाही.’ मी नांदेड जिल्ह्यातच, पण कॉलेज, घर, सासूबाईंचं दुखणं. माझ्याकडं ते येईनात. ‘मुलीच्या घरी कायमचं राहायचं नसतं’ हा त्यांचा जुना हेका. शेवटी एका रविवारी घराला कुलूप लागलं आणि अण्णा केपीएचबी कॉलनीतल्या चौथ्या मजल्यावर राहायला गेले. सोबत दोन बॅगा, आईचा फोटो आणि एक पत्र्याची पेटी.

त्या पेटीत कॅसेटी होत्या. मोजून एकशे बेचाळीस!

शनिवारची रात्र

अण्णा हायस्कूलचे मास्तर. शिकवायचे गणित, जीव मात्र गाण्यात. स्वतः गात नसत. ‘गाणाऱ्यांना ऐकणारे लागतात, मी त्यातला,’ असं म्हणत. आकाशवाणीवर १९५२ पासून संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला. शनिवारी रात्री साडेनऊला तो लागायचा. आमच्या लहानपणी त्या दीड तासात घरात मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. रेडिओच्या शेजारी शंभर पानी वही. तारीख, कलाकार, राग, विलंबित कोणत्या तालात, तबल्यावर कोण, हे सगळं वळणदार अक्षरात लिहिलेलं. तंबोऱ्याचे स्वर सुरू झाले की अण्णा डोळे मिटायचे. ‘आधी तंबोरा ऐका, गाणं त्याच्यातूनच निघतं,’ हे वाक्य आम्ही भावंडांनी किती वेळा ऐकलं असेल, त्याला गणती नाही.

पुढं टेपरेकॉर्डर आला आणि कॅसेटी जमू लागल्या. भीमसेन जोशी, कुमार गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, किशोरी आमोणकर. आपल्या मराठवाड्याचे पं. नाथराव नेरळकर. आणि सगळ्यात आवडत्या मालिनी राजूरकर. मालिनीबाई मूळच्या अजमेरच्या. तिथं काही काळ त्या गणित शिकवत. अण्णांना याचं फार अप्रूप. ‘गणिताची बाई आहे, म्हणून टप्पा असा हिशेबात बसतो,’ असं ते अगदी गंभीरपणे सांगत. ग्वाल्हेर गायकीच्या या गायिका लग्नानंतर हैदराबादला स्थायिक झाल्या आणि अखेरपर्यंत तिथंच राहिल्या. २००१ सालचा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला. प्रसिद्धीपासून मात्र त्या चार हात लांबच असत.

कुकटपल्लीत आल्यावर पेटी उघडली, तर निम्म्याहून अधिक कॅसेटींना बुरशी. टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल होऊन आवाज रडका येऊ लागलेला. भावानं दोन-तीन दुकानं पालथी घातली. दुरुस्त करणारा मिळेना. अण्णा म्हणाले, ‘राहू दे. झालं ऐकून.’

पहिलं वर्ष त्यांनी गॅलरीत बसून काढलं. तेलुगू येत नाही. लिफ्टमध्ये भेटणारे हसतात, पण बोलणार काय? देगलूरला सकाळी फिरायला निघालं की दहा जण ‘गुरुजी, रामराम’ म्हणायचे. इथं चौथ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याला कोण ओळखणार? मी फोन केला की, ‘बरं आहे. जेवलो. तू कशी आहेस?’ एवढंच. पुढं शब्द नाही. फोन ठेवला की माझ्या पोटात कालवायचं.

गाणाऱ्या बाईंचा चेहरा

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. सगळेच घरात अडकले. भाचा तेव्हा दहा वर्षांचा. शाळा मोबाईलवर सुरू झाली आणि त्याला मोबाईलमधलं सगळं कळू लागलं. एके दिवशी त्यानं आजोबांना विचारलं, ‘आजोबा, तुमच्या त्या कॅसेटवाल्या बाईंचं नाव काय?’ यूट्यूबवर नाव टाकलं, मोबाईल टीव्हीला जोडला आणि म्हणाला, ‘बघा.’

समोर मालिनीबाई होत्या! साधी साडी, मांडीवर स्वरमंडळ, मागं तंबोरे. अण्णांनी त्यांना शेकडो वेळा ऐकलं होतं, पण गाताना पाहिलं नव्हतं. भावजय सांगते, अण्णा उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले आणि तो टप्पा संपेपर्यंत बसलेच नाहीत.

त्या दिवसापासून घराचं वेळापत्रक बदललं. सकाळी तोडी किंवा भैरव, दुपारी सारंग, दिवेलागणीला पूरिया किंवा मारवा. आणि नवी वही! भाच्याच्या शाळेची उरलेली, चौकटीची. पुन्हा तारीख, कलाकार, राग, ताल, साथीला कोण.

वाचकहो, यूट्यूब सुरू होऊन वीस वर्षं झाली. २००५ साली ते आलं, तेव्हा त्यावर कुणी मल्लिकार्जुन मन्सूर ऐकेल, असं कुणाच्या मनातही नसेल. आज दूरदर्शनची जुनी मुद्रणं प्रसार भारतीच्या संग्रहातून तिथं येतात. कोलकात्याच्या आयटीसी संगीत संशोधन अकादमीचे कार्यक्रम आहेत. इंग्लंडमध्ये २००६ साली सुरू झालेल्या दरबार महोत्सवाची चित्रणं तर इतकी स्वच्छ, की तबलजीच्या बोटांना लागलेली पावडरसुद्धा दिसते. शिवाय कुणी रसिकानं घरच्या कॅमेऱ्यावर टिपलेल्या, हलत्या चित्रांच्या मैफली आहेतच. मालिनीबाईंच्या ध्वनिमुद्रिका मोजक्याच निघाल्या. त्यांचं पुष्कळसं गाणं आज ऐकायला मिळतं, ते अशा मैफलींतल्या मुद्रणांमुळेच. ‘नरवर कृष्णासमान’ हे ‘स्वयंवर’ नाटकातलं पद त्या कसं गात, हे आज देगलूरमध्ये बसलेली माझी विद्यार्थिनीही ऐकू शकते. आमच्या पिढीला त्यासाठी कॅसेट मागत फिरावं लागे.

शेजारचे मास्टरगारू

याच गाण्यानं अण्णांना शेजारी मिळवून दिला. समोरच्या फ्लॅटमधले आजोबा पूर्व गोदावरी जिल्ह्यातले. तेही निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना ‘मास्टरगारू’ म्हणतात. टाळेबंदी थोडी सैल झाल्यावर एका संध्याकाळी ते दारात येऊन उभे राहिले. भावजयीला वाटलं, आवाजाची तक्रार आली. तर ते म्हणाले, ‘भीमसेन जोशी?’

मास्टरगारूंना हिंदुस्थानी गाण्यातलं फारसं कळत नव्हतं आणि अण्णांना कर्नाटक संगीतातलं. पण पं. भीमसेन जोशी आणि डॉ. एम. बालमुरलीकृष्ण यांची जुगलबंदी हा दोघांचा सामायिक माल! बालमुरली मास्टरगारूंच्या जिल्ह्यातले, भीमसेनजी कर्नाटकातल्या गदग भागातले पण आपल्या मराठी माणसांनी आपलेच मानलेले. दोघे म्हातारे शेजारी-शेजारी बसून ती जुगलबंदी पाहू लागले. मास्टरगारू करंगळीपासून बोटं मोजत आदितालाच्या आठ मात्रा धरीत, अण्णा मांडीवर टाळी-खाली दाखवीत तीनतालाच्या सोळा. आठ दोने सोळा. हा हिशेब जुळायला भाषा लागत नाही. बोलणं होई ते मोडक्या हिंदीत आणि चहा दोन्ही घरांतला.

मुलाखतीतल्या गोष्टी

गाण्याइतक्याच अण्णांना मुलाखती आवडू लागल्या. रेडिओवर कलाकाराचं नाव कळे, गाणं कळे, पण माणूस कळत नसे. आता माणूस समोर बसून बोलतो.

पं. जसराज यांच्या मुलाखतींत हैदराबाद फार येतं. त्यांचे वडील पं. मोतीराम यांना निजामाच्या दरबारात गायक म्हणून मान मिळायचा होता, आणि त्याच सुमारास, १९३४ साली, हैदराबादेतच त्यांचं निधन झालं. जसराज तेव्हा चार वर्षांचे. पुढं शाळेत जायच्या वाटेवर एका चहाच्या टपरीत बेगम अख्तरांची तबकडी वाजत असे आणि हा मुलगा शाळा चुकवून ती ऐकत बसे. वडिलांच्या स्मृतीसाठी जसराजजींनी १९७२ पासून हैदराबादेत दरवर्षी संगीत समारोह केला. ते स्वतः गेले ते १७ ऑगस्ट २०२० ला, अमेरिकेत न्यू जर्सीला. ती बातमी आली त्या रात्री अण्णांनी टीव्हीवर त्यांचंच गाणं लावलं होतं.

बडे गुलाम अली खाँसाहेबांचा शेवटही हैदराबादलाच झाला. एप्रिल १९६८ मध्ये, बशीरबागेत. पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेला तो थोर गवय्या याच शहरात विसावला, हे अण्णांना माहीत होतं. पण ‘आपण त्याच गावात राहतो’ हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. ‘आपण’ म्हणाले ते! दीड वर्षात पहिल्यांदा हैदराबाद त्यांचं झालं होतं.

मला स्वतःला भिडली ती गंगूबाईंची गोष्ट. हुबळीहून आगगाडीनं कुंदगोळला जायचं, सवाई गंधर्वांकडं शिकायचं आणि परतायचं. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर आवाज बदलला, जाड झाला. तोच आवाज त्यांनी आपलासा केला. वयाच्या अकराव्या वर्षी, १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये गांधीजींसमोर त्यांनी स्वागतगीत गायलं होतं. हे सगळं पुस्तकात वाचता येतं, पण नव्वदीच्या घरातल्या गंगूबाई हसत हसत सांगतात तेव्हा कष्ट हा शब्द वेगळा कळतो. मन्सूरांवर नंदन कुढ्यादींनी केलेला ‘रसयात्रा’, कुमारांवर जब्बार पटेलांनी केलेला ‘हंस अकेला’, किशोरीताईंवर अमोल पालेकर आणि संध्या गोखले यांचा ‘भिन्न षड्ज’ हे माहितीपटही ज्यांना मिळतील त्यांनी जरूर पाहावेत.

टीव्हीचा आवाज

इथवर सगळं गोड. पण घर म्हटलं की कुरबुर आलीच.

२०२२ पासून टीव्हीचा आवाज वाढत चालला. पहाटे साडेचारला अण्णा उठायचे आणि ललत सुरू व्हायचा. भाऊ रात्रपाळी करून आलेला. भाच्याची दहावी जवळ येत चाललेली. भावजय बिचारी सोशिक, पण तिनंही एकदा मला फोनवर सांगितलं, ‘ताई, अण्णांना तुम्हीच सांगा. खालच्या मजल्यावरून निरोप आलाय.’ मी सांगितलं. अण्णा दुखावले. दोन दिवस टीव्ही बंद. मग पुन्हा तेच.

६ सप्टेंबर २०२३ ला मालिनीबाई गेल्या. ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. अण्णांनी मला आपणहून फोन केला, तो त्या वर्षातला पहिलाच असेल. म्हणाले, ‘पाच वर्षं एकाच गावात होतो आम्ही. एकदा लांबून बघून आलो असतो.’ मला वाईट वाटलं. ठरवलं की आता यांना टीव्हीसमोरून उठवून एखादी प्रत्यक्ष मैफल ऐकवायची. त्या हिवाळ्यात शहरात एका चांगल्या गायकाचं गाणं होतं. मेट्रो तर घरासमोरून थेट जाते. एकदा बसलं की लकडी का पूलपर्यंत बदलायची गरज नाही. मी रजा टाकून देगलूरहून गेले. भावानं तिकिटं आणली. आणि अण्णा म्हणाले, ‘मी येत नाही.’

‘का, अण्णा?’

‘कशाला जायचं तिकडं? घरात भीमसेन बसलाय, त्याला सोडून?’

मी चिडले. खोटं कशाला सांगू? म्हणाले, ‘अण्णा, तुम्हाला आता टीव्हीचं व्यसन लागलंय. माणसं नकोशी झालीत.’ ते काही बोलले नाहीत. गॅलरीत जाऊन बसले. आम्ही तिघं गेलो, पण गाण्यात माझं लक्ष लागलं नाही.

वहीतलं प्रश्नचिन्ह

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आंघोळीला गेले असताना मी ती चौकटीची वही सहज हातात घेतली. पहिली पानं नेहमीसारखी. राग, ताल, साथीदार. मग हळूहळू काही वेगळंच लिहिलेलं. ‘तंबोरा लागतो आहे का? बोटं हलताना दिसतात.’ पुढं एका पानावर, ‘तार षड्जाला पोचल्या असाव्यात. हात वर गेला, लोकांनी माना हलवल्या.’ त्याखाली, ‘सम पाहिली.’ ऐकली नव्हे, पाहिली! आणि शेवटच्या काही महिन्यांत तंबोऱ्याच्या रकान्यात नुसतं प्रश्नचिन्ह. पानामागून पान, प्रश्नचिन्ह.

मी वही मिटून ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. भावजयीनं विचारलं, ‘काय झालं ताई?’ मला सांगता येईना.

आमच्या वडिलांना ऐकू येत नव्हतं. थोडं येत होतं, बोलणं बरंचसं कळत होतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. ते गाणं डोळ्यांनी ऐकत होते. गायकाचा हात, तबलजीची मान, समोरच्यांची दाद यांवरून उरलेलं गाणं मनात पुरं करीत होते. सत्तर वर्षं कानात साठलेलं होतं, त्याच्या जोरावर. सभागृहात मागच्या रांगेत बसून गायकाचा चेहरा दिसला नसता, तर त्यांच्यासाठी ती मैफल मुकी झाली असती. हे सांगायची लाज वाटली म्हणून भीमसेनांचं नाव पुढं केलं. आणि मी त्याला व्यसन म्हटलं.

मशीन आणि गाणं

त्याच आठवड्यात कानाच्या तज्ज्ञांकडं गेलो. त्यांनी आलेख काढून दाखवला. वयानुसार ऐकू येणं कमी होतं, तेव्हा आधी जातात ते वरच्या कंपनांचे, बारीक आवाज. जाड, खालचे आवाज बराच काळ टिकतात. म्हणून माणसाला वाटतं, ‘ऐकू तर येतंय, पण लोक पुटपुटतात.’ तंबोऱ्याचा जो झंकार जवारीमुळं निर्माण होतो, तो बराचसा या वरच्या कंपनांतच असतो. तंबोरा अण्णांच्या कानांतून आधी गेला, त्याचं कारण हे.

आम्ही कानाचं मशीन घेतलं. वाटलं, प्रश्न सुटला. पण पहिल्याच दिवशी अण्णांनी मशीन काढून टेबलावर ठेवलं. ‘गायक थरथर कापतोय. बासरी फाटकी वाजतेय.’ जिथून मशीन घेतलं तिथं सांगितलं गेलं, ‘सवय होईल.’ महिना गेला, सवय काही झाली नाही. मशीन डबीत आणि अण्णा पुन्हा गप्प.

मग दुसऱ्या एका तज्ज्ञ बाईंनी नीट समजावलं. ही मशीनं मुख्यतः बोलणं ऐकू यावं म्हणून बनवतात. बोलण्यात आवाज सतत बदलतो. एकच सूर लांबवर धरला, म्हणजे आकार लावला, बासरी वाजली, तंबोरा छेडला, तर मशीनला वाटतं ही आपलीच शिट्टी वाजतेय आणि ते ती दाबायला जातं. त्यातून सूर कापरा होतो. शिवाय मोठे आवाज दाबून आणि बारीक आवाज वाढवून सगळं एकाच पातळीला आणायची त्याला खोड. बोलण्याला ते ठीक, गाण्याचा चढउतार मात्र त्यात सपाट होतो. यावर उपाय आहे. पुष्कळ मशीनांत संगीतासाठी वेगळी जुळणी करून घेता येते. त्यात ही शिट्टी रोखणारी आणि गोंगाट दाबणारी सोय बंद किंवा कमी करतात. बटण दाबलं की बोलण्याकडून गाण्याकडं जाता येतं. पण हे मागून घ्यावं लागतं. ‘आमच्या वडिलांना गाणं ऐकायचं आहे,’ असं आपण सांगितलं नाही, तर समोरच्याला कसं कळणार?

बाईंनी अण्णांना विचारलं, ‘काय ऐकता?’ अण्णा म्हणाले, ‘तंबोरा.’ त्यांनी मोबाईलवर तंबोरा लावला आणि तीन बैठकांत मशीन जुळवत आणलं. टीव्हीचा आवाज थेट मशीनमध्ये जाण्याचीही सोय असते. ती घेतल्यावर खालच्या मजल्याचे निरोप थांबले. पहाटे साडेचारचा ललत आता फक्त अण्णांनाच ऐकू येतो!

पूर्वीसारखं ऐकू येतं का? नाही. अण्णा स्वतः सांगतात, ‘रुपयातले दहा आणे येतात.’ अति तार सप्तकातलं काही कळत नाही. सभागृहात माईकचा आवाज अजून सोसत नाही. पण फेब्रुवारीत एका मराठी कुटुंबाच्या घरी छोटी बैठक होती. विनामाईक, वीस-पंचवीस माणसं. अण्णांना गायिकेच्या समोर, हातभर अंतरावर बसवलं. मास्टरगारूही आले होते. अण्णांनी वही नेली नव्हती. घरी आल्यावर लिहिली. राग, ताल, साथीदार सगळं. तंबोऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘दोन होते. उजवीकडचा किंचित उतरला होता.’

ऐकणाऱ्यांसाठी चार गोष्टी

घरात बसून गाणं पाहणाऱ्या वाचकांसाठी या सगळ्यातून सुचलेलं थोडं लिहिते.

एक, व्हिडिओखाली लिहिलेलं रागाचं नाव खरंच असेल असं नाही. जुन्या टेपा उतरवताना वेग चुकला तर सूरही वर-खाली होतो. ओळखीच्या गायकाचा आवाज नेहमीपेक्षा पातळ वाटला, तर शंका घ्यावी.

दोन, तुकडे ऐकू नयेत. दोन मिनिटांच्या तानेच्या चित्रफिती मोबाईलवर फिरतात. त्या लोणच्यासारख्या. त्यावर जेवण होत नाही. तबकडीच्या काळी कलावंतांना तीन मिनिटांत राग बसवावा लागे. १९०२ साली गौहर जानच्या पहिल्या तबकड्या मुद्रित झाल्या त्या तशाच. ती त्या यंत्राची अडचण होती. आज यंत्र दोन तासांची मैफल द्यायला तयार आहे, आपणच का घाई करायची?

तीन, फुकट मिळतं म्हणून ते कुणाच्या कष्टाशिवाय आलं असं नाही. पुष्कळ मैफली कलाकाराला न विचारता टाकलेल्या असतात. शक्यतो संस्थांच्या आणि कलाकारांच्या स्वतःच्या वाहिन्यांवर पाहावं. आणि वर्षातून दोन-चार वेळा तरी तिकीट काढून प्रत्यक्ष गाणं ऐकावं. आपल्याकडं नांदेडला संगीत शंकर दरबार होतो, होट्टलला महोत्सव होतो. टाळेबंदीत कितीतरी साथीदारांचे हात रिकामे राहिले होते, हे विसरू नये.

चार, आणि ही सगळ्यांत महत्त्वाची. घरातल्या म्हाताऱ्या माणसानं टीव्हीचा आवाज वाढवला, मैफलीला, लग्नाला, कीर्तनाला यायला नकार दिला, तर रागावण्याआधी त्याचे कान तपासून घ्या. गाणं यंत्रातून ऐकणं हे काही कमीपणाचं नाही. अकरा वर्षांचे भीमसेन गुरूच्या शोधात घरातून पळाले, ते दुकानात वाजणाऱ्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकडीनं वेडे होऊन. जसराजांची टपरी तर याच हैदराबादेतली. यंत्राला नावं ठेवून उपयोग नाही. त्याच्यासमोर बसलेल्या माणसाकडं आपलं लक्ष असावं, इतकंच.

मागच्या महिन्यात मी कुकटपल्लीला गेले होते. दार उघडलं ते भाच्यानं. आत टीव्हीवर मालिनीबाई, समोर अण्णा आणि मास्टरगारू. घरात आवाजाचा पत्ता नाही. टीव्ही मुका आणि गाणं अण्णांच्या कानात. मास्टरगारू मात्र तसंच बघत बोटांवर मात्रा मोजत होते. मी विचारलं, ‘अण्णा, त्यांना ऐकू कसं येणार?’ अण्णांनी हसून कानातलं मशीन चाचपलं आणि म्हणाले, ‘अगं, आता त्यांची पाळी आहे. गेल्या वर्षी मी असंच ऐकत होतो.’

मग त्यांनीच रिमोट घेतला आणि टीव्हीचा आवाज मोठा केला.